हौशी गायकाला दाम मोजून गाण्याची वाट हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या अंकात एका ज्येष्ठ वाचकाचे पत्र प्रसिद्ध झाले आहे. २०२० च्या टाळेबंदीपासून घरोघरी गायक निपजले आहेत, मोबाइलवरच्या तयार ट्रॅकवर, म्हणजे नुसत्या वाद्यांच्या साथीवर, ते जुन्या भावगीतांची वाट लावतात आणि वर ती इंटरनेटवर टाकून आप्तेष्टांना ऐकायला लावतात, असा त्या पत्राचा रोख आहे. त्यांचे आक्षेप तीन आहेत. ही गाणी बेसूर असतात, ती निव्वळ नक्कल असते आणि कवी-संगीतकारांच्या कष्टांवर तो फुकटचा डल्ला असतो. नोकरी सांभाळून डोंबिवलीतल्या घरी गाणी ध्वनिमुद्रित करणारा मी त्यांच्या दृष्टीने आरोपीच्या पिंजऱ्यातलाच माणूस आहे. पहिल्या दोन आक्षेपांत थोडेफार तथ्य आहे आणि त्याची कारणे सांगण्यासारखी आहेत. तिसरा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण फुकट गाण्याची आम्हाला हौस नाही; दाम मोजून गाण्याची वाटच आपल्याकडे ठेवलेली नाही, आणि मुख्यतः तेच मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी बेसूरपणाविषयी. मुंबई-ठाण्याकडच्या सदनिकेतली झोपण्याची खोली साधारण १० फूट लांब, १० फूट रुंद आणि जवळजवळ तितकीच उंच असते. ध्वनिमुद्रणासाठी याहून वाईट आकार शोधून सापडणार नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये १० फुटांचे अंतर असले की ५६ हर्ट्झ (सेकंदाला ५६ कंपने) आणि त्याच्या पटीतले ११२, १६८ हे स्वर त्या भिंतींमध्ये अडकून घुमतात. लांबी, रुंदी आणि उंची सारखीच असेल तर तिन्ही दिशांनी तेच स्वर घुमतात. पुरुषाने काळी एकच्या पट्टीत, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी 'सा' धरून, गायला सुरुवात केली, तर त्याचा मध्य सप्तकातला षड्ज (सा) १३९ हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे या घुमणाऱ्या स्वरांच्या मधोमध पडतो आणि खोली गप्प राहते. त्याच सप्तकातला कोमल गंधार मात्र १६६ च्या आसपास येतो. त्यामुळे कोमल गंधाराचे एखादे गाणे घेतले, की षड्जावर निमूट बसलेली खोली गंधार लागताच ढोलासारखी बोलू लागते. गायक बिचकतो, पुढच्या वेळी गंधार हळू लावतो, आणि हळू लावलेला गंधार बहुधा उतरतो. ऐकणाऱ्याला वाटते, याला गंधार कळत नाही. कोपऱ्यात उभे राहिले की घुमारा वाढतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर आले की तोच स्वर माइकपर्यंत पोचेनासा होतो. म्हणून हौशी गायक भिंतीपासून हात-दीड हात पुढेमागे सरकत, लादीवर खडूने खुणा करत आपली जागा शोधत असतो.

यावर गोधड्या, चादरी आणि गाद्या हा सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय आहे. कपाटांची दारे उघडी टाकायची, खिडकीवर रजई लटकवायची, पलंगावरची गादी भिंतीला उभी करायची, आणि घरच्यांनी तासभर हॉलमध्ये बसायचे. या सगळ्याने आवाजातली चकाकी तेवढी जाते आणि घुमारा तसाच राहतो, कारण १६८ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी २ मीटर असते आणि ती नीट शोषायची तर शोषक थर तिच्या पाव भागाइतका, म्हणजे पावणेदोन फूट जाड असावा लागतो. गोधडी कितीही प्रेमाने शिवलेली असली तरी ती फक्त वरचे, तीव्र स्वर शोषते. परिणामी घरी मुद्रित केलेला आवाज एकाच वेळी मंद आणि घुमणारा वाटतो. ज्या जुन्या गाण्यांशी त्याची तुलना होते, ती गाणी ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूबसारख्या स्टुडिओत, संपूर्ण वाद्यमेळ एकत्र बसवून घेतलेली असायची आणि त्या प्रशस्त दालनाचा झंकार हा गाण्याचाच एक भाग होता. तो झंकार आपण संगणकावर नंतर लावू शकतो. पण आपल्या खोलीने आधीच मिसळलेला घुमारा मात्र काढता येत नाही.

बाहेरच्या आवाजांबद्दल तक्रार करायला मला संकोच वाटतो, कारण ती सगळ्यांचीच तक्रार आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातलेली आहे आणि ती कुठे पाळली जाते हे वाचकांना सांगायला नको. समोरच्या इमारतीचा पुनर्विकास, पाण्याचा पंप, कुकरच्या शिट्ट्या, खालून जाणारा भंगारवाला, हे दिवसाचे. रात्री अकरानंतर शांतता होते तेव्हा तार सप्तकातला अंतरा पूर्ण आवाजात घेतला तर शेजारचे बेल वाजवतात, आणि दबक्या आवाजात घेतला तर तार षड्ज लागत नाही. पंखा बंद करावाच लागतो. मे महिन्यात दारे-खिडक्या लावून, पंखा बंद करून एखादे संथ भावगीत गाऊन पाहावे, अशी पत्रलेखक महोदयांना नम्र विनंती आहे.

ज्यांच्याकडे वेगळा माइक नाही ते मोबाइलवरच गातात, आणि मोबाइलची अडचण निराळी आहे. तो बोलण्यासाठी बनवलेला असतो. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असे त्याला शिकवलेले असते. त्यामुळे तानपुरा लावला की तो त्याला पंख्याच्या घरघरीसारखा समजतो आणि पुसून टाकू लागतो. शिवाय आवाजाची पातळी तो स्वतःच खालीवर करतो. गायकाने ओळ संपवून श्वास घेतला की शांततेला तो भरून काढू पाहतो आणि गल्लीतले कुत्रे एकदम जवळ आल्यासारखे भुंकते. लहानमोठ्या स्वराचा जो खेळ भावगीताचा प्राण असतो, तो या सपाटीकरणात पहिल्यांदा जातो. एकच शब्द आधी उघड्या आणि मग मिटत्या आवाजात घेतलेला असला, तरी मोबाइल दोन्ही सारखेच ऐकवतो.

लयीचे दुखणे हेडफोनपासून सुरू होते. ट्रॅक माइकमध्ये शिरू नये म्हणून तो हेडफोनवर ऐकावा लागतो आणि आजकाल बहुतेकांकडे ब्लूटूथचे बिनतारी हेडफोन असतात. त्यांतून येणारा आवाज सेकंदाच्या दहाव्या ते पाचव्या भागाइतका उशिरा पोचतो. मिनिटाला १०० मात्रांच्या मध्यलयीत एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची असते, त्यातले १५० गेले म्हणजे गायक पाव मात्रा मागे पडला. तो आपल्या परीने समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अचूक येत असतो, पण ध्वनिमुद्रणात त्याची सम तबल्यामागून रखडत येते. तारेचे हेडफोन आणि माइक संगणकाला जोडणारा स्वतंत्र ऑडिओ इंटरफेस घेतला तर हा उशीर बराच कमी होतो, मात्र तिथेही संगणकाशी तडजोड करावी लागते: संगणक आवाज ज्या छोट्या तुकड्यांनी हाताळतो त्यांचा १२८ नमुन्यांचा साठा (बफर) ठेवला तर तेवढ्यापुरता उशीर ३ मिलिसेकंदांचा राहतो, पण जुना संगणक तडतडू लागतो, ५१२ चा ठेवला तर तडतड थांबते आणि उशीर १२ वर जातो. स्वतःचाच आवाज कानात असा मागून येऊ लागला की मुरकीसारखी चपळ जागा जड होते. म्हणून कित्येक गायक एका कानावरचा हेडफोन सरकवून गातात, आणि त्या उघड्या कानाच्या वाटेने ट्रॅक माइकमध्ये झिरपतो.

ट्रॅकविषयी आमच्यासारख्यांच्या मनात जेवढा राग आहे तेवढा दुसऱ्या कशाविषयीही नसेल. बाजारात मिळणारे बहुतेक कराओके ट्रॅक कुणीतरी संगणकावर वाद्यांचे नमुने वापरून नव्याने बांधलेले असतात. लोकप्रिय हिंदी गाण्यांचे निदान चार-पाच पर्याय तरी सापडतात; मराठी भावगीताचा एखादाच, आणि त्यातही दोन अंतऱ्यांमधले व्हायोलिनचे तुकडे अर्धवट, बासरीच्या जागी सिंथेसायझर. त्याहून मोठी अडचण लयीची आहे. जुनी गाणी यंत्राच्या टिकटिकीवर बांधलेली नसत. गायिका एखाद्या शब्दावर किंचित थांबे, तबलजी तिच्यासोबत थांबे आणि पुढच्या आवर्तनात लय आपोआप सावरली जाई. संगणकावरचा ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. ज्या क्षणभराच्या थांबण्यासाठी ते गाणे आपल्याला आवडते, नेमके तेच गाताना सोडून द्यावे लागते.

पट्टीचेही तसेच आहे. जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या गाण्यांचा स्वर पेटीच्या कोणत्याच पट्टीशी जुळत नाही, असा अनुभव पुष्कळांना येतो. तबकडी ३ टक्के जलद फिरली की काळी एकमधले गाणे काळी एक आणि पांढरी दोन यांच्या बरोबर मध्ये येऊन बसते. पेटीवर ते वाजत नाही, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर बारीक खुंटी पिळून ते कसेबसे जुळवावे लागते, आणि मूळ गायकाची खरी पट्टी कोणती होती हा प्रश्न तसाच राहतो.

अलीकडे मूळ गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा काढून फक्त वाद्ये ठेवणाऱ्या संगणक प्रणाली आल्या आहेत. त्यांचा मोह अनेकांना पडतो, कारण मूळ वाद्यमेळाच्या साथीने गाण्याचे सुख काही औरच आहे. परंतु व्हायोलिन आणि गायिका एकाच स्वरावर असतील तिथे यंत्राला दोघांतला फरक कळत नाही आणि आपल्या गाण्याच्या पाठीमागे मूळ आवाजाची पुसट सावली ऐकू येत राहते. एखादी हरकत, म्हणजे स्वरांची छोटी वळणदार जागा, आपण घ्यायच्या आधीच ती घेऊन जाते. शिवाय हा मूळ ध्वनिमुद्रणाचाच वापर झाला, आणि त्याचा हक्क ते ध्वनिमुद्रण काढणाऱ्या कंपनीचा असतो. म्हणजे ज्येष्ठ वाचकांचा डल्ल्याचा आरोप इथे खरा ठरतो, हे मान्य केले पाहिजे.

सूर दुरुस्त करणाऱ्या प्रणालींचा उल्लेख त्यांच्या पत्रात उपहासाने आला आहे. हे तंत्र १९९७ साली बाजारात आले आणि आज फुकटही मिळते, पण मराठी सुगम संगीताला त्याचा उपयोग बेताचाच आहे. नेहमीच्या मांडणीत ते पियानोच्या बारा स्वरांपैकी जवळच्या स्वरावर आवाज खेचते. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणारी मींड त्याला चूक वाटते आणि तिच्या ते पायऱ्या करून ठेवते. आंदोलित, म्हणजे हलकेच झुलणारा, स्वर सरळ होतो. पातळी कमी ठेवून, ठरावीक स्वरापुरते हाताने वापरले तर कधीकधी निभावते. परंतु तितके कौशल्य असणाऱ्याला बहुधा त्याची गरज नसते.

नक्कल होते हा आक्षेप मला फारसा बोचला नाही. आपल्याकडे गाणे शिकण्याची सुरुवातच मुळी समोरच्याचे हुबेहूब उचलण्यापासून होते, आणि रेडिओशिवाय दुसरा गुरू नसलेल्या पिढीने भावगीत तसेच शिकले. शिवाय, गंमत म्हणजे, कायद्यालाही नक्कलच हवी आहे. ते कसे, हे आता सांगतो.

आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या अधिनियमात, हौशी मंडळींविषयी एक उदार तरतूद आहे. कलम ५२ नुसार एखाद्या हौशी मंडळाने तिकीट न लावता प्रेक्षकांसमोर गाणी सादर केली, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केली, तर तो हक्कभंग ठरत नाही. डोंबिवली, ठाणे, पुणे, नाशिक इथल्या सभागृहांत दर आठवड्याला होणारे विनामूल्य कराओकेचे कार्यक्रम या तरतुदीच्या आधारावर निर्धास्त राहू शकतात. तेच गाणे त्याच माणसाने घरात ध्वनिमुद्रित करून त्याच मित्रमंडळींना इंटरनेटवर ऐकवले, की ही सवलत संपते. शंभर जण समोर खुर्च्यांवर बसले तर चालते. तेच शंभर जण आपापल्या घरी बसून ऐकणार असतील तर कवी आणि संगीतकार यांच्या हक्कधारकांची परवानगी लागते. दोन्हीकडे एक पैशाचाही व्यवहार नाही.

परवानगी लागावी याला माझा विरोध नाही. ती मिळवायची कशी, एवढाच प्रश्न आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ३१-ग घालण्यात आले आणि ते खास कव्हर आवृत्त्यांसाठीच, म्हणजे जुने गाणे नव्या आवाजात गाऊन काढण्यासाठीच, आहे. पूर्वी १९८०-९० च्या दशकांत जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेऊन स्वस्त कॅसेट काढण्याचा जो धंदा फोफावला होता, त्याला लगाम घालण्याचा या कलमाचा हेतू होता, आणि तो रास्त होता. गाण्याचे पहिले ध्वनिमुद्रण झालेल्या वर्षानंतर पाच वर्षे उलटली की हक्कधारकाला आगाऊ सूचना आणि आगाऊ स्वामित्वधन (रॉयल्टी) देऊन कोणीही त्याची नवी आवृत्ती काढू शकतो. मूळ शब्दांत आणि चालीत बदल करायचा नाही, म्हणजे नक्कल हवी, ती अशी. त्या गाण्याचे शेवटचे ध्वनिमुद्रण ज्या माध्यमात झाले त्याच माध्यमात, ते माध्यम प्रचारात राहिले नसेल तरच दुसऱ्यात. वेष्टनावर ही कव्हर आवृत्ती आहे असे छापायचे आणि मूळ गायकाचे नाव किंवा चित्र छापायचे नाही. या शेवटच्या अटीचे मला फार नवल वाटते. खोटी विक्री रोखण्यासाठी ती घातली हे समजते, पण आम्ही जे काही गातो ते मूळ गायिकेचे ऋण मानून गातो, आणि नेमके तिचेच नाव घेता येणार नाही.

खरी मेख पुढे आहे. या कलमाखाली प्रत्येक गाण्यासाठी, प्रती निघतील त्या प्रत्येक कॅलेंडर वर्षाला, किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन भरावे लागते. कॅसेट कंपनीच्या दृष्टीने हा आकडा वाजवी असेल. ज्याचे गाणे भाचे-पुतण्ये, सोसायटीतले लोक आणि जुने सहकारी मिळून दोनशे जण ऐकणार आहेत, त्याने पन्नास हजार प्रतींचे पैसे भरावेत ही अपेक्षा, आणि तीही वर्षानुवर्षे, कोणी कधी पुरी केली असेल असे मला वाटत नाही. शिवाय इंटरनेटवर एकदाच चढवलेल्या गाण्याच्या 'प्रती' मोजायच्या कशा आणि त्याचे 'वेष्टन' कुठले, याचे उत्तर त्या कलमाच्या शब्दांत मिळत नाही.

विशेष म्हणजे कायदा करणाऱ्यांना लहान भाषांचा विचार सुचला होता. एखाद्या भाषेतील किंवा बोलीतील कृतींचा संभाव्य प्रसार लक्षात घेऊन कॉपीराइट मंडळ सर्वसाधारण आदेशाने ही किमान संख्या कमी करू शकेल, अशी पुस्ती त्याच कलमाला जोडलेली आहे. मराठी, कोंकणी, अहिराणी यांच्यासाठी याहून सोयीची तरतूद कोणती असणार? पण पुढे ते मंडळच राहिले नाही. २०१७ मध्ये त्याचे काम बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेले, २०२१ मध्ये तेही मंडळ मोडीत निघाले आणि अधिकार न्यायालयांकडे आले. न्यायालय कोणी दावा आणल्याशिवाय भाषावार सवलतीचा विचार करत बसणार नाही, आणि दोनशे श्रोत्यांचा गायक दावा लावायला जाणार नाही.

एका प्रतिष्ठित कंपनीकडे मी रीतसर परवानगी मागितली होती. उत्तरादाखल एक अर्ज आला. त्यात आस्थापनेचे नाव, जीएसटी क्रमांक, वितरणाचा प्रदेश आणि अपेक्षित प्रतींची संख्या हे रकाने अनिवार्य होते. 'व्यक्ती, हौसेसाठी' असा रकाना नव्हता. मी सगळे स्पष्टपणे लिहून अर्ज पाठवला आणि त्यावर पुढे काहीच घडले नाही.

मग हौशी गायक काय करतो? गाणे चढवतो आणि वाट पाहतो. मोठ्या संकेतस्थळांवर आपोआप जुळवणी करणारी यंत्रणा असते. ती गाणे ओळखते, हक्कधारकाला कळवते, आणि बहुतेक वेळा गाणे तसेच ठेवून जाहिरातींचे जे काही उत्पन्न असेल ते हक्कधारकाकडे वळवले जाते. ही व्यवस्था मला मान्य आहे. त्यातून कवीच्या वारसांना चार पैसे पोचत असतील तर उत्तमच. अडचण येते ती यंत्र चुकीच्या माणसाला हक्कधारक ठरवते तेव्हा. मी एक पारंपरिक चालीतला अभंग फक्त मोबाइलच्या ॲपमधल्या तानपुऱ्यावर गायलो होतो. त्यावर ध्यानधारणेच्या संगीताचा अल्बम काढणाऱ्या कुठल्याशा कंपनीने हक्क सांगितला. त्यांनीही बहुधा तेच ॲप वापरले असावे आणि यंत्राने दोन्ही तानपुरे एकच आहेत हे अचूक ओळखले. हरकत घेतल्यावर समोरच्याला उत्तर द्यायला महिनाभराची मुदत असते, आणि ती पूर्ण संपेपर्यंत उत्तर आले नाही. पैसे देऊन विकत घेतलेल्या ट्रॅकवरही असे दावे येतात, कारण तो ट्रॅक बनवणाऱ्याने तोच दुसरीकडे स्वतःच्या नावावर नोंदवलेला असतो.

हक्क नेमके कोणाचे आणि कधीपर्यंत, हे शोधणे हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. आपल्याकडे कवीचे आणि संगीतकाराचे हक्क त्यांच्या निधनाच्या वर्षानंतर ६० वर्षे टिकतात आणि दोघांचे हिशेब वेगळे असतात. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. सुधीर फडके २००२ साली गेले. त्यांच्या चाली २०६२ अखेरपर्यंत. या दोघांचे एखादे गाणे १९६० साली तबकडीवर आले असेल, तर त्या तबकडीवरच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र प्रकाशनानंतर ६० वर्षांनी, २०२० अखेर संपलेला असतो. म्हणजे मूळ तबकडी जशीच्या तशी वापरली तर एक हक्क आडवा येत नाही आणि दोन येतात. कवी भा. रा. तांबे १९४१ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी रवींद्रनाथ ठाकूरही गेले होते, आणि त्यांच्या साहित्याचे हक्क संपायला आले म्हणून १९९१ च्या अखेरीस मुदत ५० वरून ६० वर्षे करण्यात आली. त्याचा लाभ ओघाने तांब्यांनाही मिळाला. तांब्यांचे शब्द २००२ पासून सर्वांचे आहेत, पण त्यांना पुढच्या काळात लागलेल्या सुप्रसिद्ध चाली तशा नाहीत. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या रचनांचेही तेच: शब्द शतकानुशतके समाजाचे, चाल विसाव्या शतकातल्या संगीतकाराची. तबकडीत न बसलेले कवितेतले एखादे कडवे त्याच चालीत गावेसे वाटले, तर शब्द मोकळे आणि चाल बांधलेली, अशी पंचाईत होते.

यातून मार्ग निघू शकेल असे मला वाटते आणि तो फार खर्चिकही नाही. जुन्या मराठी गाण्यांचा मोठा साठा मोजक्याच कंपन्यांकडे आहे. त्यांनी वर्षाला काही शे रुपयांचा वैयक्तिक परवाना सुरू करावा, ज्यात ठरावीक श्रोतासंख्येपर्यंत, जाहिरातीविना, एकट्याच्या नावावर गाणे ठेवता येईल. मर्यादा ओलांडली की नेहमीचे दर लागू व्हावेत. याच परवान्यात गाण्याचा साथीचा ट्रॅक मूळ पट्टीत, मूळ लयीच्या चढउतारांसह आणि सगळ्या मधल्या तुकड्यांसह द्यावा. तो ट्रॅक तयार करायला वादक लागतील, संयोजक लागतील, आणि आज स्टुडिओत काम नसल्याने मंगल कार्यालयांत वाजवणाऱ्या व्हायोलिनवादकांना त्यातून काम मिळेल. गायकांची संख्या किती मोठी आहे याचा अंदाज या कंपन्यांना आमच्यापेक्षा चांगला असणार, कारण दाव्यांची यादी त्यांच्याकडेच असते. भाषेपुरती किमान प्रतींची सवलत मिळवण्यासाठी मात्र राज्य शासनाने पुढाकार घ्यायला हवा. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाल्यावर भाषासंवर्धनाच्या ज्या योजनांची चर्चा सुरू आहे, त्यांत मराठी गाण्यांच्या कव्हर आवृत्त्यांसाठी कायद्यातील या पुस्तीचा वापर व्हावा म्हणून केंद्राकडे पाठपुरावा करणे बसू शकते. पुस्ती कायद्यात आधीच आहे. फक्त आदेश काढणारे कोणी ठरवायला हवे.

आम्हा गाणाऱ्यांकडूनही एक गोष्ट राहून जाते आणि ती ज्येष्ठ वाचकांनी लिहायला हवी होती. इंटरनेटवरच्या बहुतेक घरगुती गाण्यांखाली फक्त मूळ गायकाचे नाव असते. कवी क्वचित, संगीतकार त्याहून क्वचित आणि ज्याने मधले सगळे वाद्यांचे तुकडे बांधले त्या संगीत संयोजकाचे नाव तर जवळजवळ कधीच नसते. वेष्टनाची अट छापील आवृत्तीला लागू असो वा नसो, निदान कवी आणि संगीतकार यांची नावे लिहायला आम्हाला कोणी अडवलेले नाही.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाण्यांवर नियमित सदर येते. त्यात गाण्याची आठवण सांगताना कवी, संगीतकार आणि संयोजक यांच्या नावांबरोबर ते शब्द आणि ती चाल यांचे हक्क आज कोणाकडे आहेत आणि परवानगीसाठी कोणत्या कार्यालयाला लिहावे, ही एक ओळ प्रत्येक वेळी छापता आली तर त्या माहितीचा आम्हाला उपयोग होईल. कंपन्या ही माहिती आम्हाला देत नाहीत. दैनिकाने विचारल्यावर बहुधा देतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक हौशी गायक,
डोंबिवली (पूर्व)